पेटंटचे उल्लंघन आणि नुकसानीचे गणित

सुमारे सहा वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. माझे एक वैद्य स्नेही स्वतःची छोटी फार्मसी चालवितात. एका वनस्पतीचा अर्क दीर्घकाळ टिकावा यासाठी त्यांनी एक प्रक्रिया विकसित केली, पाच वर्षे खटपट करून तिचे भारतीय पेटंट मिळविले आणि त्या अर्काच्या वट्या बाजारात आणल्या. दोनच वर्षांत शेजारच्या जिल्ह्यातील एका निर्मात्याने तशाच वट्या कमी दराने विकण्यास प्रारंभ केला. स्नेह्यांचा संताप स्वाभाविक होता. "वीस लाखांचे नुकसान झाले," असे ते भेटेल त्याला सांगत. त्यांच्यासमवेत मीही वकिलांकडे गेलो. वकिलांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "वैद्यराज, वीस लाख हा आकडा आला कोठून?" आम्ही दोघेही निरुत्तर झालो.

पुढे वह्या उघडल्या तेव्हा खरी अडचण कळली. बारा औषधांची विक्री 'औषध विक्री' या एकाच सदराखाली लिहिलेली होती. त्या वटीच्या किती डब्या कोणत्या महिन्यात गेल्या, हे सांगता येईना. अखेर तडजोड झाली. समोरच्याने उत्पादन थांबविले. पण हाती आलेल्या रकमेतून वकिलांची फीदेखील पुरती भागली नाही. हक्क होता, अन्यायही झाला होता. नव्हता तो फक्त हिशेब. त्या अनुभवानंतर या विषयाचा जो थोडाफार अभ्यास घडला, तो व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गैरसमज

आपल्या अनेक उत्पादनांना 'पेटंट व प्रोप्रायटरी औषध' म्हणून निर्मितीचा परवाना मिळतो. हा शब्दप्रयोग औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील आहे. ग्रंथोक्त द्रव्ये वापरून आपण स्वतः योजलेला कल्प, एवढाच त्याचा आशय. त्या परवान्याने पेटंट कायदा, १९७० खालील कोणताही एकाधिकार मिळत नाही. तो हक्क पेटंट कार्यालयाने तपासणीअंती दिलेल्या पेटंटानेच मिळतो आणि अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे टिकतो. शिवाय कलम ३(पी) अन्वये जे मूलतः पारंपरिक ज्ञान आहे, त्यास पेटंट मिळू शकत नाही. हळदीचे अमेरिकेतील पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले. निंबाच्या बुरशीनाशकाचे युरोपीय पेटंट २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये त्याविरुद्धचे अपीलही फेटाळले गेले. हा इतिहास आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते लढे पेटंट रद्द करविण्याचे होते. वैध पेटंट हाती असताना कोणी त्याचे उल्लंघन केले, तर पैशाच्या रूपाने काय मिळते, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची चर्चा आपल्यात फारशी होत नाही.

कायदा काय देतो?

पेटंट कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे न्यायालय मनाई हुकूम देऊ शकते. आणि वादीच्या पसंतीनुसार नुकसानभरपाई किंवा प्रतिवादीने मिळविलेल्या नफ्याचा हिशेब, यांपैकी एक. येथे 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. माझे गेलेले आणि त्याचे कमावलेले, अशा दोन्ही रकमा एकाच उल्लंघनासाठी पदरात पडत नाहीत. कोणता मार्ग घ्यावा, हे ठरविण्यासाठी दोन्हींचे गणित आधी मांडून पाहावे लागते.

दिल्ली उच्च न्यायालयाने बौद्धिक संपदा विभागासाठी २०२२ मध्ये केलेल्या नियमांत हे अधिक स्पष्ट झाले आहे. भरपाई मागणाऱ्याने रकमेचा वाजवी अंदाज व त्यामागील मूलभूत तथ्ये द्यावयाची असतात. न्यायालय वादीचा बुडालेला नफा, प्रतिवादीने कमावलेला नफा, परवाना दिला असता तर मिळाली असती ती रॉयल्टी, उल्लंघनाचा कालावधी, त्यामागील हेतू अथवा हयगय आणि नुकसान कमी करण्याच्या दृष्टीने प्रतिवादीचे वर्तन यांचा विचार करते. गणनेसाठी तज्ज्ञाचे साहाय्यही घेऊ शकते. हे नियम त्या न्यायालयापुरते असले, तरी तयारी कशाची करावी याचा उत्तम आराखडा त्यांतून मिळतो.

एक काल्पनिक उदाहरण

समजा, एका फार्मसीची पेटंटप्राप्त प्रक्रियेने केलेली वटी वर्षाला ४०,००० डब्या खपत होती. नक्कल बाजारात आल्यावर खप २८,००० वर आला. घट १२,००० डब्यांची. स्टॉकिस्टला दर ८० रुपये. आपण चटकन १२,००० गुणिले ८०, म्हणजे ९,६०,००० रुपये नुकसान असे म्हणतो. येथेच पहिली चूक होते. न विकलेल्या डबीचा कच्चा माल, पॅकिंग, वाहतूक व कमिशन यांवरचा खर्चही वाचलेला असतो. तो डबीमागे ५० रुपये धरला, तर बुडालेला नफा ३० रुपयांचा. एकूण ३,६०,००० रुपये. इमारतीचे भाडे व कायम नोकरांचे पगार मात्र उत्पादन घटले म्हणून कमी होत नाहीत. म्हणून ते वाचलेल्या खर्चात धरावयाचे नाहीत.

दुसरी पायरी कारणाची. बारा हजारांची सर्व घट नकलेमुळेच झाली काय? त्याच वर्षी दोन महिने कच्चा माल मिळाला नसेल, एखादा स्टॉकिस्ट सोडून गेला असेल, निराळ्या प्रक्रियेची पर्यायी औषधे आली असतील. ही कारणे वजा जाता ८,००० डब्यांची घटच नकलेमुळे झाली असे सिद्ध झाले, तर रक्कम २,४०,००० रुपये होते. शिवाय तेवढ्या अधिक डब्या तयार करण्याची व विकण्याची आपली क्षमता होती, हेही दाखवावे लागते. अमेरिकन न्यायालयांत १९७८ च्या पँड्युइट प्रकरणापासून हीच चार अंगांची कसोटी रूढ आहे: मागणी होती काय, उल्लंघन न करणारा स्वीकारार्ह पर्याय नव्हता काय, पुरवठ्याची क्षमता होती काय, आणि नफा नेमका किती झाला असता.

तिसरी पायरी दराची. नकलेशी टिकून राहण्यासाठी आपण दर ८० वरून ७४ केला असेल, तर विकलेल्या २८,००० डब्यांवर डबीमागे ६ रुपये, म्हणजे १,६८,००० रुपये वेगळे बुडाले. हे नुकसान पुष्कळदा मागावयाचेच राहून जाते. दोन्ही मिळून भरपाईचा आकडा ४,०८,००० रुपये होतो.

आता दुसरा मार्ग पाहू. प्रतिवादीने २०,००० डब्या ६० रुपयांनी विकल्या व त्यास डबीमागे ४५ रुपये खर्च आला, तर त्याचा नफा ३,००,००० रुपये. परंतु हा नफा पूर्णतः पेटंटाचाच, असे गृहीत धरता येत नाही. पेटंट केवळ अर्काच्या एका टप्प्याचे असेल आणि वटीत इतर द्रव्येही असतील, तर नफ्याचा किती अंश त्या टप्प्यामुळे मिळाला, हा वाद उभा राहतो. तिसरे माप वाजवी रॉयल्टीचे. पाच टक्के दर मान्य झाला, तर १२,००,००० रुपयांच्या विक्रीवर अवघे ६०,००० रुपये मिळतील. स्वतः उत्पादन न करणाऱ्या पेटंटधारकास बहुधा हाच आधार असतो. फिलिप्स कंपनीच्या डीव्हीडी तंत्रज्ञानाच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रति नग रॉयल्टीच्या दरानेच रक्कम आकारली. पूर्वी कोणाला परवाना दिलेला असेल, तर त्या करारातील दर हा सर्वांत बळकट पुरावा ठरतो.

एकाच घटनेचे हे तीन आकडे पाहिले, म्हणजे वकिलांनी तो प्रश्न का विचारला ते ध्यानात येते.

प्रमाणाचा विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. अनेक कारणांच्या संयोगाने घडलेले कार्य जाणणारी बुद्धी ती युक्ती. खपाची घट हे असेच बहुकारणज कार्य आहे. ज्वराचा रुग्ण आला असता एकाच हेतूवर बोट ठेवून आपण मोकळे होत नाही; इतर हेतू तपासून वगळतो. न्यायालयही तेच करते. बिले, साठा नोंदवही ही प्रत्यक्षाच्या जागी. लेखापालाचा अहवाल आप्तवचनाच्या जागी. मागील तीन वर्षांच्या खपावरून काढलेला अपेक्षित खप हे अनुमान. आणि इतर कारणे वेगळी करून दाखविणे ही युक्ती. यांपैकी एकही अंग लुळे असेल, तर आकडा उभा राहत नाही.

प्रक्रियेच्या पेटंटात आणखी एक अडचण असते. समोरच्याच्या कारखान्यात काय चालते, हे आपणास दिसत नाही. कलम १०४अ प्रमाणे, त्याचे उत्पादन आपल्या पेटंट प्रक्रियेतून थेट मिळणाऱ्या उत्पादनाशी तंतोतंत सारखे आहे हे आपण आधी सिद्ध केले, तर विहित परिस्थितीत आपली प्रक्रिया निराळी असल्याचे सिद्ध करण्याचा भार न्यायालय प्रतिवादीवर टाकू शकते. म्हणून नकली मालाचे नमुने पावतीसह विकत घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घेणे, ही पहिली कृती असावी.

हिशेब कधीपासून?

एर्लोटिनिब या कर्करोगावरील औषधाचा रोश विरुद्ध सिप्ला हा दावा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. रोशची गोळी सुमारे ४,८०० रुपयांची, तर सिप्लाची १,६०० रुपयांची होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये अंतरिम मनाई नाकारली. मात्र सिप्लाने विक्रीचा हिशेब ठेवावा, असा आदेश दिला. नोव्हेंबर २०१५ मध्ये खंडपीठाने उल्लंघन झाल्याचे मान्य केले. पेटंटाची मुदत मार्च २०१६ मध्ये संपणार असल्याने मनाई न देता नफ्याचा हिशेब सादर करण्यास सांगितले. पुढे २०१७ मध्ये उभय पक्षांनी वाद मिटविला. दाव्याला वर्षे लागतात, मनाई मिळेलच असे नाही, आणि शेवटी उरतो तो हिशेबच, हा बोध लहान फार्मसीलाही तितकाच लागू आहे.

नोटीस आपल्याला आली तर

आपल्यापैकी काहींवर उलट प्रसंगही येतो. त्या वेळी घाबरून पैसे देऊ नयेत आणि नोटीस केराच्या टोपलीतही टाकू नये. पेटंट अस्तित्वात असल्याचे ठाऊक नव्हते व तसे मानण्यास वाजवी कारणही नव्हते, असे सिद्ध केल्यास कलम १११ प्रमाणे नुकसानभरपाई वा नफ्याचा हिशेब यांतून सुटका मिळते. मनाई मात्र लागू शकते. नोटीस हाती पडल्यानंतर हे अज्ञान सांगता येत नाही, म्हणून त्या दिवसापासूनचे प्रत्येक बिल महत्त्वाचे होते. मुळात पेटंटच पारंपरिक ज्ञानावर घेतले असेल, तर ते रद्द करण्याची मागणी करता येते. धमकी निराधार असेल, तर कलम १०६ अन्वये आपणच न्यायालयात जाऊन झालेल्या नुकसानीची भरपाई मागू शकतो. केवळ पेटंट असल्याची सूचना देणे, ही मात्र धमकी समजली जात नाही.

आजपासून करण्यासारखे

१. पेटंटप्राप्त उत्पादनाच्या लेबलवर पेटंट क्रमांक छापावा. केवळ 'पेटंटेड' हा शब्द पुरेसा नाही. क्रमांक नसेल, तर त्या शब्दावरून समोरच्यास पेटंटाची माहिती होती असे गृहीत धरले जात नाही. याउलट पेटंट नसताना तसे छापणे कलम १२० खाली आर्थिक दंडास पात्र आहे.

२. प्रत्येक उत्पादनाची विक्री महिनावार व जिल्हावार स्वतंत्र लिहावी. बिले, जीएसटी विवरणपत्रे व साठा नोंदवही यांचे आकडे परस्परांशी जुळले पाहिजेत.

३. २००० साली लागू झालेल्या अनुसूची 'टी' मुळे बॅचनिहाय नोंदी आपण ठेवतोच. निरीक्षकासाठी ठेवलेल्या त्या नोंदी डबीमागील खर्च व उत्पादनक्षमता सिद्ध करण्यासही उपयोगी पडतात. त्या मागाहून एका बैठकीत भरू नयेत. उलटतपासणीत हे लपत नाही.

४. दर का कमी केला, स्टॉकिस्टने मागणी का घटविली, याचा पत्रव्यवहार जपावा. संगणकावरील नोंदी पुराव्यात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते.

५. विलंब करू नये. दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांपलीकडचे नुकसान सामान्यतः मागता येत नाही.

माझ्या त्या स्नेह्यांनी आता प्रत्येक औषधाची स्वतंत्र खतावणी ठेवली आहे. सायंकाळी फार्मसी बंद करण्यापूर्वी ते स्वतः वीस मिनिटे बसून ती तपासतात. गेल्या वर्षी या खतावणीमुळेच त्यांच्या ध्यानात आले, की त्यांचे एक जुने चूर्ण गेली तीन वर्षे तोट्यात विकले जात होते. न्यायालयासाठी सुरू केलेला हिशेब प्रथम त्यांच्या स्वतःच्याच उपयोगी पडला. रुग्णाची नोंद न ठेवता चिकित्सा करू नये, हे आपण विद्यार्थ्यांना नित्य सांगतो. आपल्या औषधांची नोंद आपण तितक्याच निष्ठेने ठेवतो काय, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या वह्या उघडून करावा, एवढीच विनंती.