आजार एकीचा, विचार साऱ्या घराण्याचा

विरारहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांत माल आणायला मुंबईला निघालेले दुकानदार असतात, तशीच परळच्या टाटा रुग्णालयाची फाइल घेतलेली कुटुंबेही असतात. घरातील बाईला स्तनाचा कर्करोग झाला की उपचारात दुकानाचे भांडवल मोडते. पण हा आजार तिच्या बहिणींना, मुलींना होईल काय, हा प्रश्न कोणी काढत नाही. मुलींची लग्ने अडतील, ही धास्ती असते.

शंभर रुग्णांपैकी पाच ते दहांतच हा आजार वारशाने आलेला असतो. त्यांतील बऱ्याच जणींत ‘बीआरसीए-१’ किंवा ‘बीआरसीए-२’ या जनुकांत दोष आढळतो. हे जनुक १९९४ व १९९५ साली हाती लागले. आई किंवा बाप, कोणाकडूनही हा दोष येतो आणि प्रत्येक मुलामुलीत तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून खालाइतकेच फुफीचे दुखणेही डॉक्टरांना सांगावे. दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींना ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो.

आता खर्चाचे पाहू. साऱ्या घराची तपासणी एकदम करणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. पहिली तपासणी रुग्णाचीच करावी, तीही आजार कमी वयात झाला असेल, घराण्यात दोन-तीन जणींना झाला असेल, किंवा कोणाला अंडाशयाचा कर्करोग असेल तर. तिच्यात दोष सापडला तर नातेवाइकांत तेवढाच एक बदल शोधायचा असतो, त्यामुळे खर्च बराच कमी होतो. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक संस्थेत याविषयी सल्ला मिळतो. अठरा वर्षांखालील मुलांची ही तपासणी करत नाहीत.

बहिणीत तो दोष नसेल तर तिला इतर स्त्रियांइतकाच धोका, म्हणजे मनावरचे ओझे उतरले. असेल तर पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफी करून आजार लवकर पकडता येतो. मुलेबाळे झाल्यावर अंडाशय काढण्याचा सल्लाही देतात. पुरुषांनीही बेफिकीर राहू नये. त्यांना प्रोस्टेटचा, क्वचित स्तनाचाही कर्करोग होतो.

विम्याचेही ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक आजाराच्या नावाखाली सरसकट दावा नाकारणे भेदभावाचे ठरवले. मार्च २०१८ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसे दावे नाकारू नका, असे बजावले. मात्र प्रस्तावात विचारलेली माहिती खरीच लिहावी.

दुकानाची कागदपत्रे आपण जपून ठेवतो. रुग्णाचा हा अहवालही तसाच जपावा आणि तिच्या संमतीने त्याची एक-एक प्रत सर्व भावंडांना द्यावी. झाकून ठेवल्याने लग्न कदाचित जुळेल, पण आजार टळणार नाही.