पिकांतील जड धातूंचे मोजमाप

जस्त, तांबे, लोह, मँगनीज ही द्रव्ये पिकांना अत्यल्प प्रमाणात लागतात. म्हणून त्यांना सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणतात. शिसे, पारा व कॅडमियम यांचा मात्र पिकाला काहीच उपयोग नसतो. तरीही मुळे हा भेद पूर्णपणे करू शकत नाहीत. कॅडमियमचे गुणधर्म जस्तासारखे असल्याने ते मुळांवाटे सहज आत शिरते, आणि पीक वरून निरोगी दिसत असतानाही दाण्यात साठते.

जपानमधील तोयामा प्रांतात याचा दारुण अनुभव आला. कामिओका येथील खाणीतून निघालेले कॅडमियम जिंझू नदीच्या पाण्यावाटे भातखाचरांत पोहोचले. तो भात वर्षानुवर्षे खाल्ल्याने, विशेषतः प्रौढ स्त्रियांची, हाडे ठिसूळ झाली. ‘दुखते, दुखते’ या अर्थाच्या शब्दांवरून रोगाला ‘इताई-इताई’ हे नाव पडले. रोगाचे कारण कॅडमियम असल्याचे जपान सरकारने १९६८ साली मान्य केले.

नमुना कसा घ्यावा?

प्रयोगशाळेतील यंत्र कितीही अचूक असले, तरी शेतात चुकीचा घेतलेला नमुना ते सुधारू शकत नाही. यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

(१) अन्नद्रव्याची उणीव पाहावयाची असल्यास ठराविक वयाची पाने व खाण्याची सुरक्षितता पाहावयाची असल्यास दाणे घ्यावेत.

(२) शेतात नागमोडी फिरून अनेक ठिकाणचे नमुने एकत्र करावेत. रस्त्याची कड व बांध टाळावेत.

(३) पाने ताजी असतानाच स्वच्छ पाण्याने व नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावीत. अन्यथा पानावरील धुळीतील लोह पिकाच्या खाती जमा होते.

(४) जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नये.

प्रयोगशाळेतील काम

नमुना सुमारे ७० अंश सेल्सियसला वाळवून दळतात, तोलतात व तीव्र आम्लात विरघळवितात. हे द्रावण ज्योतीत फवारतात. प्रत्येक धातूचे अणू ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात. किती प्रकाश शोषला गेला यावरून, ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी तुलना करून, धातूचे प्रमाण ठरते. ॲलन वॉल्श यांनी ही पद्धती १९५५ साली मांडली.

निष्कर्ष किलोग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये देतात. १ मिलिग्रॅम म्हणजे दहा क्विंटल धान्यात १ ग्रॅम. पॉलिश केलेल्या तांदळातील कॅडमियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा ०.४ मिलिग्रॅम आहे. म्हणजे दहा क्विंटलांत अर्धा ग्रॅमही नाही.

निष्कर्षाचा अर्थ

केवळ आकड्यावरून निर्णय घेऊ नये. साचलेल्या पाण्यात लोह विरघळते व कॅडमियम बहुधा मातीत अडकून राहते. पाणी काढताच उलट घडते. खाणींचा गाळ उतरणाऱ्या गोव्यातील भातखाचरांत हे विशेष ध्यानात ठेवावे. म्हणून नमुन्याबरोबर तारीख, पिकाचे वय, खाचरातील पाण्याची स्थिती व पाण्याचा उगम यांची नोंद अवश्य पाठवावी, आणि त्याच जागेची माती व पाणीही तपासून घ्यावे.