पन्नाशीनंतरचे बिऱ्हाड

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण कोणत्या वयात, ते काही ती सांगत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने घर बांधले ते निवृत्तीच्या फंडातून, म्हणजे त्यात राहायला फारसे आयुष्य उरले नाही तेव्हा. पुढे कर्जे मिळू लागली आणि पस्तिशीत ब्लॉक घेण्याची चाल पडली. आता तिसराच प्रकार दिसू लागला आहे. हप्ते फेडून नुकते कुठे आपले झालेले घर पन्नाशी उलटल्यावर विकायचे आणि पुन्हा जागा पाहत हिंडायचे. शास्त्रकारांनी या वयाला वानप्रस्थाश्रम सांगितला होता. आमच्या दादा-वहिनींनी तो स्वीकारला खरा. पण वन म्हणून त्यांच्या वाट्याला आले काल्हेर, जिथे झाडांपेक्षा गोदामे अधिक!

काल्हेर पुष्कळांनी पाहिले असेल, पण बसच्या खिडकीतून. ठाण्याहून भिवंडीला जाणारा जुना आग्रा रोड बाळकुम सोडून खाडीवरच्या पुलावर चढतो, पलीकडे कशेळी लागते आणि कशेळीला खेटून काल्हेर. मूळची वस्ती आगरी-कोळ्यांची; भातशेती, मासळी आणि खाडीतली रेती यांवर चाललेली. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यावी लागे. म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर, पण हाकेच्या अंतरावर, भिवंडीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींत माल साठवायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत. घरबसल्या खरेदी करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कृपेने ती वाढलीच. त्यांच्या मधूनमधून आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्या गॅलऱ्यांत ठाण्या-मुलुंडकडची मराठी माणसे कपडे वाळत घालताना दिसतात.

मराठी मध्यमवर्ग गिरगावातून दादरला गेला, दादरहून पार्ल्याला, पुढे ठाण्या-डोंबिवलीला. प्रत्येक वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी "केवढं लांब!" म्हणून कपाळाला हात लावला. पण हे सगळे स्थलांतर आगगाडीच्या रुळांवरून झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि तिच्यामागून दीडशे वर्षे आपण चालत राहिलो. काल्हेरला रेल्वेचे स्टेशन नाही. रुळ सोडून ट्रकच्या रस्त्याने जाणारी ही बहुधा आपली पहिलीच पिढी.

दादांचे घर नौपाड्यात. चारशे फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुनर्विकासाच्या सभा आठ वर्षे चालल्या होत्या आणि चहाचा खर्च तेवढा सर्वानुमते मंजूर होत होता. वहिनींचे गुडघे मात्र पुढच्या सभेपर्यंत थांबायला तयार नव्हते. मुलगा बंगळूरला, मुलगी लग्न होऊन पुण्यास. "माझ्याकडे या," असे मुलगा मनापासून म्हणाला. वहिनींनी तितक्याच मनापासून नाही म्हटले. नौपाड्यातले चारशे फूट विकले तर ठाण्यात लिफ्टच्या इमारतीत तेवढेच मिळणे कठीण. खाडी ओलांडली की एक खोली जास्त आणि वर काही शिल्लक. हिशेब एवढा सरळ होता. मराठीचा प्राध्यापक कागद वाचण्यासाठीच जन्माला येतो अशी आमच्या घरात समजूत असल्यामुळे रविवारी मलाही बरोबर घेण्यात आले.

नमुन्याची सदनिका ही एक स्वतंत्र कला आहे. भिंतीभर आरसे, दारांना दारे नाहीत, आणि पलंग असा बेताचा की खोली दिवाणखान्यासारखी ऐसपैस वाटावी. दादा सहा फुटी. विक्रेत्याला न विचारता ते सरळ त्या पलंगावर आडवे झाले आणि त्यांची पावले बाहेर लोंबू लागली! तेव्हापासून आम्ही खिशात टेप ठेवू लागलो. २०१६ च्या रेरा कायद्याने 'कार्पेट' क्षेत्र म्हणजे काय ते ठरवून दिले आहे. भाव त्याच फुटांचा विचारावा. तोच कायदा असेही सांगतो की करारनाम्याची नोंदणी झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरने घेऊ नये.

वहिनींचे प्रश्न वेगळे असत. लिफ्ट बंद पडली तर जनरेटर आहे का? रात्री नऊनंतर शेअर रिक्षा कुठे मिळते? कंटेनरची रांग लागली असताना माणूस आजारी पडला तर ठाण्याच्या इस्पितळात किती वेळात पोचतो? या शेवटच्या प्रश्नावर विक्रेत्याचे उत्तर ठरलेले : "मॅडम, मेट्रो येतेय ना!" ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ रोजी झाली, तिच्या मार्गावर काल्हेर हे स्टेशनही आहे; पण ती सुरू होण्याच्या तारखा पुष्कळदा पुढे गेल्या, आणि मध्यरात्री छातीत दुखू लागलेल्या माणसाला मेट्रोचा उपयोग तसाही नाही.

दादांचे मन बसले होते ते अकराव्या मजल्यावरच्या घरावर. खिडकीतून खाडी, पाणथळीतले बगळे, पश्चिमेचा वारा. त्या रात्री नौपाड्यात जेवणे झाल्यावर ते नकाशा पसरून बसले. वहिनी पानदान घेऊन समोर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "घर छान आहे. पण तुमचं वय चौपन्न, माझं पन्नास. तुमच्याकडची पुरुषमाणसं सत्तरीच्या आत गेली. माझी आई अठ्ठ्याऐंशीची ठणठणीत आहे. मग या घरात शेवटची पंधरा वर्षं एकटं कोण राहणार, ते सांगा. भाऊजी, तुम्हीच सांगा. ज्याला राहायचंय त्याला निवडू द्या की!"

दादांनी नकाशाची घडी केली. मी सुपारी कातरत बसलो. बोलण्यासारखे काही नव्हते, कारण ते खरे होते. पस्तिशीत माणूस मुलांसाठी घर घेतो, शाळा बघतो, खेळायला जागा बघतो. पन्नाशीतले घर बहुतेक वेळा एका विधवेसाठी घेतलेले असते, आणि हे कोणी उच्चारत नाही म्हणून ते खिडकीतली खाडी बघून निवडले जाते.

दुसऱ्या दिवसापासून शोधाचे रूप पालटले. दुसऱ्या मजल्यावरचे घर, म्हणजे लिफ्ट बंद असली तरी कठडा धरून उतरता येईल. नवी कोरी इमारत नको. माणसे राहत असलेली, सोसायटी झालेली हवी. खाली वाणी, औषधाचे दुकान आणि रस्त्यापर्यंत पायी जाता येईल असा पदपथ. न्हाणीघराचे दार आत नव्हे, बाहेर उघडणारे. आत कोणी पडले तर दार अडकू नये. एवढ्याने निम्मी यादी गळाली.

उरलेली निम्मी कागदांनी गाळली. काल्हेर ग्रामपंचायतीत मोडते, पण बांधकामाची परवानगी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची लागते. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरल्याची पावती म्हणजे परवानगी नव्हे, हे आम्हाला एकापेक्षा अधिक ठिकाणी समजावून सांगावे लागले, तेही विकणाऱ्याला! सातबारा, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, यांतले एक जरी "पुढच्या महिन्यात देतो" असे असेल तर पाय काढता घ्यावा. रेराचा क्रमांक आहे म्हणून डोळे मिटू नयेत. डोंबिवलीकडे बनावट परवानग्यांवर रेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या आणि उच्च न्यायालयाने २०२४ साली त्या पाडण्याचा आदेश दिला. शीळफाट्याजवळची बेकायदा इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, तिच्याखाली ७४ माणसे गेली. तरुणाला फसगतीनंतर पुन्हा कमवायला वर्षे असतात. चौपन्नाव्या वर्षी विकलेले घर हीच सगळी कमाई.

कर्जाचा प्रश्न बँकेने लवकर निकालात काढला. निवृत्तीला चार वर्षे म्हणजे मुदत चार वर्षे, आणि हप्ता पगाराएवढा. विक्रीच्या पैशातच बसवायचे ठरले.

मग वहिनींनी दुसरी अट घातली : आधी एक पावसाळा काल्हेरला भाड्याने राहायचे. नातेवाईकांनी वेड्यात काढले. दोनदा सामान हलवायचे? पण जुने घर विकून आलेला भांडवली नफा दोन वर्षांच्या आत दुसऱ्या राहत्या घरात घातला तर कर वाचतो, आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या 'कॅपिटल गेन्स' खात्यात ठेवता येते. म्हणजे सवड होती. अकरा महिन्यांच्या करारावर दोघे तिकडे गेले. जुलैत कोणत्या गल्लीत पाणी साचते, नळाला पाणी केव्हा येते नि टँकर कोणत्या इमारतीपुढे उभा राहतो, ट्रकची धूळ कुठल्या मजल्यापर्यंत चढते, हे सारे वहिनींनी दिनदर्शिकेच्या मागे टिपून ठेवले. कोणत्याही माहितीपत्रकात न सापडणारी ती माहिती होती. दादांच्या आवडत्या अकरा मजली इमारतीपुढे त्या पावसात घोटाभर पाणी होते. दादा काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांनी घेतलेले घर त्याच टिपणातून निघाले. नावाचा घोळ थोडा झाला. केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट १ एप्रिल २०२१ पासून आहे, म्हणून दादांना ते एकट्या वहिनींच्या नावे करायचे होते. पण जुने घर दादांचे. करसल्लागार म्हणाले की विकणाराचे नाव नव्या घरावर नसेल तर करमाफीवरून वाद निघू शकतो. शेवटी एक टक्क्यावर पाणी सोडले, दोघांची नावे घातली, पहिले वहिनींचे. सोसायटीतले नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे कळल्यावर दोघांनी मृत्युपत्रेही केली.

वहिनींना सर्वांत जड गेले ते ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय सोडणे. १८९३ सालची ती संस्था. नौपाड्यातून त्या पायी जात. सभासदत्व त्यांनी सोडलेले नाही. गुरुवारी दुपारी, रस्ता जरा मोकळा असतो तेव्हा, शेअर रिक्षाने जातात आणि खालच्या मजल्यावरच्या आगरी काकूंच्या सुनेसाठीही एक पुस्तक आणतात. त्या बदल्यात जिताड्याचे कालवण शिकून झाले आहे.

इस्पितळाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच काढले. रविवारी सकाळी वीस मिनिटे, आडवारी संध्याकाळी तासाच्या वर. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर जवळच राहणाऱ्या तीन रिक्षावाल्यांची नावे, नंबर, आणि त्यांतला कोण रात्री फोन उचलतो त्यापुढे बरोबरची खूण.