हरवलेलें पोलिश अक्षर

पोलिश भाषेंत ‘साद’ म्हणजे फळबाग. त्यांतील स्वराच्या अक्षरास खालीं शेपटी जोडली कीं न्यायालय! एका वेलांटीनें दिनाचा दीन होतो हें जाणणाऱ्या आम्हांस याचें नवल नाहीं. अशीं अक्षरें पोलिश लेखक उजवी ऑल्ट कळ दाबून उमटवितात. परंतु ‘मीडियम’ या संकेतस्थळावर रेघ असलेला एस उमटेच ना. ही हकीकत २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. विंडोज उजव्या ऑल्टला कंट्रोल व ऑल्ट यांची जोडी समजतें. कंट्रोल-एस ही मजकूर जतन करण्याची आज्ञा. तें काम मीडियम आपणच करी, म्हणून ती आज्ञा तेथें अडविलेली होती. अडविणारांनीं कंट्रोल पाहिला, सोबतचा ऑल्ट पाहिलाच नाहीं. आणि आज्ञेबरोबर बिचारें अक्षरही अडकलें. ऑल्टची चौकशी करूं लागतांच तें सुटलें.