लांबलचक आकडा कसा म्हणायचा?

बचत गटाच्या बैठकीत रक्कम मोठ्याने वाचली जाते आणि तीच वहीत उतरते. ‘सदुसष्ट हजार’ कुणाला ‘सत्याहत्तर हजार’ ऐकू आलं, तर दहा हजारांचा घोळ! म्हणून आज आपण आकडे म्हणण्याची इटली देशातली रीत पाहू. तिथे शेकड्या-हजारांची संख्यासुद्धा अक्षरी लिहिताना एकाच सलग शब्दात लिहितात.

245 घ्या. इटालियन भाषेत दोन म्हणजे दूए, शंभर चेन्तो, चाळीस क्वारान्ता आणि पाच चिन्क्वे. सगळं जोडून होतं ‘दूएचेन्तोक्वारान्ताचिन्क्वे’. चेकवरही रक्कम अशीच सलग लिहितात. मध्ये जागाच नाही, मग जादा शब्द घुसवणार कुठे?

अवघड वाटतं ना? मग तुकडे पाडू: दू-ए-चेन्-तो-क्वा-रान्-ता-चिन्-क्वे. झाले नऊ तुकडे. एकच व्यंजन दोनदा आलं, तर ते मधोमध फुटतं. आठ म्हणजे ‘ओत्-तो’. आपण ‘सत्-तर’ म्हणतो, अगदी तसंच.

आता जोर कुठे द्यायचा? शब्द कितीही लांब असो, मुख्य जोर शेवटच्या संख्येवर. इथे शेवटी चिन्क्वे आहे, म्हणून जोर ‘चिन्’वर. तेवीस म्हणजे वेन्तित्रे. त्यात जोर अगदी शेवटच्या ‘त्रे’वर येतो, म्हणून लिहिताना त्या अक्षरावर छोटी तिरकी रेघ देतात. सुट्या ‘त्रे’वर, म्हणजे नुसत्या तीनवर, ती रेघ नसते. तेहेतीस म्हणजे त्रेन्तात्रे. इटलीत छाती तपासताना डॉक्टर पेशंटला हाच शब्द म्हणायला सांगतात, कारण त्याची थरथर पाठीवर ठेवलेल्या हाताला जाणवते.

एक आणि आठ जोडताना मात्र आधीचा स्वर गळतो. वीस वेन्ती, एक उनो. पण एकवीस ‘वेन्तूनो’.

त्यांच्याकडे चाळीस आधी, पाच नंतर. आपल्याकडे उलट: ‘सदु’ म्हणजे सात आधी, ‘सष्ट’ म्हणजे साठ नंतर. आपल्या आकड्यात दशक शेपटाला असतं आणि घाईत शेपूटच गिळलं जातं. तेव्हा रक्कम वाचणाऱ्या ताईंनी ‘सदु-सष्ट हजार’ असं तोडून म्हणावं, मग ‘सहा, सात’ असे सुटे अंक सांगावेत. लिहिणाऱ्या ताईंनी तेच परत म्हणून दाखवावं आणि मगच पेन टेकवावं. पुढच्या बैठकीत करून बघा.