पेनला पंख, पेन्सिलीला शेपटी!

दोस्ता, जरा तुझी कंपासपेटी उघड बघू. खोडरबर बाजूला सार. कर्कटक राहू दे तिथेच, टोचेल! फक्त दोन वस्तू बाहेर काढ. एक पेन आणि एक पेन्सिल.

दोघांना शेजारीशेजारी ठेव. सख्खी भावंडं वाटतात ना? काम एकच, लिहायचं. उंची साधारण सारखी. नावाची सुरुवातही सारखी! पेन आणि पेन्सिल. जणू पेनदादा आणि त्याची धाकटी बहीण.

आणि गंमत सांगू? या दोन नावांचं एकमेकांशी काही म्हणजे काहीच नातं नाही!

'पेन' या शब्दाचा मूळ अर्थ होता पीस. हो, पक्ष्याचं पीस! आणि 'पेन्सिल' म्हणजे? छोटीशी शेपटी!

हसतोयस की हसतेयस? हसून घे. मग ऐक.

खूप खूप वर्षांपूर्वी रोममधले लोक लॅटिन नावाची भाषा बोलायचे. त्यांच्या भाषेत पिसाला म्हणत 'पेन्ना'. आता हे पीस लिहिण्याच्या कामाला कसं आलं? सोपं आहे. पिसाचा दांडा आतून पोकळ असतो, अगदी शहाळ्यातल्या स्ट्रॉसारखा! युरोपातल्या लोकांनी बदकासारख्या दिसणाऱ्या हंसांची, म्हणजे 'गूज' पक्ष्यांची, पंखातली मोठी पिसं घेतली. गरम वाळूत खुपसून त्यांचा दांडा कडक केला. मग टोक तिरकं कापलं, त्याला मधोमध बारीकशी चीर दिली आणि शाईत बुडवलं. झालं पेन!

पण हे टोक लिहून लिहून बोथट व्हायचं. मग काय करायचं? पुन्हा तासायचं. त्यासाठी प्रत्येकाकडे एक चिमुकला चाकू असायचा. खिशातल्या छोट्या चाकूला इंग्रजीत आजही 'पेननाइफ' म्हणतात. पेनाचा चाकू! बॉलपेनला कशाला हवाय चाकू? पण पिसाच्या पेनला हवा होता. पीस गेलं, नाव मागे राहिलं.

आता ओळख पाहू, हे पीस तुझ्या डब्यात कोणत्या रूपात आलं होतं?

पेने पास्ता! इटालियन भाषेतही पिसाला आणि पेनला 'पेन्ना' म्हणतात. 'पेने' म्हणजे खूप सारी पेनं. पुढच्या वेळी पास्त्याची एक नळी हातात घेऊन नीट बघ. दोन्ही टोकं तिरकी कापलेली दिसतील. अगदी तासलेल्या पिसासारखी! म्हणजे मधल्या सुट्टीत तू डबाभर पेनं मटकावलीस की!

बरं, आता पेन्सिलीकडे वळू.

लॅटिन भाषेत 'पेनिसिलस' म्हणजे छोटी शेपटी. चित्रकाराचा कुंचला असतो ना? दांड्याच्या टोकाला मऊ केसांचा झुबका. खारुताईची शेपटीच जणू! म्हणून कुंचल्यालाही लोक 'छोटी शेपटी' म्हणू लागले. हा शब्द फ्रान्समधून फिरत फिरत इंग्लंडला पोचला आणि झाला 'पेन्सिल'. तेव्हा पेन्सिल म्हणजे कुंचलाच बरं का! रंगात बुडवायचा कुंचला.

मग ती आजची पेन्सिल कशी झाली? इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल नावाची दरी आहे. सोळाव्या शतकात तिथे एक काळा, गुळगुळीत, चमकदार दगड सापडला. हात लावला की बोटं काळी! आसपासचे मेंढपाळ त्याने आपापल्या मेंढ्यांवर खुणा करायचे, असं सांगतात. आपण कंपासपेटीवर नाव घालतो ना, तसंच. मग या दगडाच्या कांड्या करून लोक लिहू लागले, आणि कुंचल्याचं नाव गुपचूप या कांड्यांना जाऊन चिकटलं.

लोकांना वाटलं, हा दगड म्हणजे शिशाचाच एखादा प्रकार. शिसं म्हणजे तो जड, करडा धातू. म्हणून इंग्रज म्हणू लागले 'लेड पेन्सिल'. आणि आपण मराठीत काय म्हणतो? शिसपेन्सिल!

आता ऐक हं. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच! चिमूटभरसुद्धा नाही! तो काळा दगड म्हणजे ग्राफाइट. कोळसा आणि हिरा ज्या कार्बनचे बनतात, त्याच कार्बनचा हा तिसरा भाऊ. १७९५ साली फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यांनी ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळली, तिच्या कांड्या केल्या आणि भट्टीत भाजल्या. माती जास्त तर पेन्सिल कडक, माती कमी तर मऊ. अगदी चकलीच्या भाजणीसारखं! प्रमाण बदललं की चकली बदलते. तुझ्या पेन्सिलीवर 'एचबी' छापलंय का बघ. एच म्हणजे कडक, बी म्हणजे काळीभोर. एचबी म्हणजे दोन्हींच्या मधली.

या 'छोट्या शेपटी'ची खरी बहीण कोण, ठाऊक आहे? ती कंपासपेटीत नाही. ती आहे औषधांच्या जगात!

घरात विसरलेल्या लिंबावर किंवा संत्र्यावर हिरवट-निळसर बुरशी आलेली पाहिली आहेस? (फक्त पाहायची. हात नाही लावायचा!) ती बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर बारीक बारीक कुंचले उभे राहिलेले दिसतात. म्हणून तिच्या घराण्याचं नाव पेनिसिलियम, म्हणजे कुंचलेवाली! १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग हे डॉक्टर सुट्टीवरून परत आले. पाहतात तो काय, जंतू वाढवायच्या एका बशीत याच घराण्यातली बुरशी उगवलेली! आणि तिच्याभोवतीचे जंतू चक्क गायब! बुरशीतून पाझरणाऱ्या त्या जंतूमाऱ्या रसाला त्यांनी नाव दिलं पेनिसिलिन. पुढे या औषधाने असंख्य माणसांचे प्राण वाचवले.

म्हणजे पेन्सिलीची बहीण पेन नव्हे, पेनिसिलिन! आहे की नाही धमाल?

जरा थांब, अजून एक गोंधळ आहे. इंग्रजीत 'पेन' नावाचे आणखीही काही जण राहतात!

मेंढ्यांना कोंडायचा वाडा असतो ना? त्यालाही इंग्रजीत 'पेन' म्हणतात. पण त्याचा पिसाशी काही संबंध नाही. तो जुन्या इंग्रजीतला वेगळाच शब्द. तुमच्या वर्गात दोन सई असतात की नाही? नाव एक, घरं वेगळी! मराठीतही बघ. गळ्यात घालतात ती माळ आणि गुरं चरतात तो माळ. दोघांची गाठ फक्त नावापुरती. म्हणजे बॉरोडेलच्या मेंढ्यांची काय मज्जा! अंगावर पेन्सिलीच्या खुणा आणि राहायला पेन!

राजहंसाच्या मादीलाही इंग्रजीत 'पेन' म्हणतात.

आणि माकूल माहितीये? समुद्रातला तो दहा हातांचा मऊ मऊ प्राणी. कोकणात किंवा गोव्यात राहत असशील, तर घरी माकूल साफ करताना बघ. त्याच्या पोटातून एक लांबट, पातळ, पारदर्शक पट्टी सुळ्ळकन बाहेर निघते. वाटतं, कुणी प्लास्टिकचं पीस आत ठेवलंय! या पट्टीला इंग्रजीत म्हणतात... ओळखलंस? 'पेन'! आणि माकुलाच्या पोटात काळी शाईही असते बरं. शत्रू आला की फुस्सकन सोडायची आणि पळायचं. पेनही आहे, शाईही आहे. गृहपाठ मात्र नाही!

आता खूप मागे जाऊ. रोमच्याही मागे. हजारो वर्षांपूर्वी एक भाषा होती. ती आता कुणीच बोलत नाही. पण तिच्यापासूनच पुढे संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजी निघाल्या. जणू एका पणजीची चार गावांत विखुरलेली पतवंडं! या पणजीपाशी एक शब्द होता 'पेत्'. अर्थ, उडणं.

लॅटिनमध्ये 'पेत्ना' म्हणता म्हणता 'त' गिळला गेला आणि झालं 'पेन्ना'. असं अक्षर आपणही गिळतो! 'सप्त'मधला 'प' गिळून आपण 'सात' म्हणतो ना?

इंग्रजीत 'प'चा झाला 'फ'. आपला 'पितृ' तिकडे 'फादर' झाला, तसंच 'पेत्'पासून झालं 'फेदर', म्हणजे पीस.

ग्रीक भाषेत पंखाला म्हणतात 'प्टेरॉन'. तो कुठे लपलाय सांग? हेलिकॉप्टरमध्ये! हा शब्द 'हेली' आणि 'कॉप्टर' असा तुटतच नाही. तो तुटतो 'हेलिको' आणि 'प्टर' असा. गोल फिरणारा पंख!

आणि आपल्याकडे? संस्कृतमध्ये 'पत्' म्हणजे उडणं. त्यातून आला 'पतंग'. संक्रांतीला गच्चीवरून तू जो उडवतोस, उडवतेस, तोच! त्यातूनच आलं 'पत्र'. पत्र म्हणजे आधी पंख, मग झाडाचं पान. बेलपत्र, तुळशीपत्र म्हणतो ना आपण? पुढे माणसं ताडाच्या पानांवर लिहू लागली, आणि लिहिलेला मजकूरच पत्र झाला. म्हणजे आजीला पत्र लिहिताना तू एका पंखाने दुसऱ्या पंखावर लिहीत असतेस, असतोस!

शेवटचं एक गुपित. कान इकडे कर.

तुझ्या वहीचं पान. हा 'पान' शब्द आला संस्कृतमधल्या 'पर्ण'वरून. आणि पर्ण म्हणजे? झाडाचं पान तर खरंच, पण त्या शब्दाचा आणखी एक जुना अर्थ आहे... पीस! पान आणि पेन हे नातेवाईक नाहीत बरं का. त्यांची मुळं वेगळी. दोघं दोन वेगळ्या वाटांनी आले, दोघांनी येताना एकेक पीस आणलं, आणि तुझ्या वहीत त्यांची भेट झाली.

फरक किती उरला? फक्त एका मात्रेचा आणि एका कान्याचा!

आता कंपासपेटी बंद कर. पण हळू हं, शेपटी चेंगरेल!