लेकीसाठी एअरगन घेताना

पॅरिसला स्वप्नील कुसाळेला ब्राँझपदक मिळालं तो दिवस १ ऑगस्ट २०२४. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा! आमच्या गडहिंग्लजमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. माझी नववीतली लेक एवढंच म्हणाली, "आई, मला शिकायचंय."

मुलींचं हे काम नव्हे असं म्हणायची आमच्या जिल्ह्यात तरी सोय नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण आणलं. तरी सासूबाई म्हणाल्याच, "आधी भाकरी गोल येऊ दे." मी घरी शिलाई करते. भिशीचे पैसे नुकतेच हातात आले होते. म्हटलं, घेऊच.

दुकानात सोबत धाकटे दीर आले. शेती बघतात, त्यामुळे बंदुकीतलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज. "वैनी, घ्यायची तर जोरदारच घ्या, खेळणं नको." दुकानदारही तेच म्हणाला. नळी मोडून भरायची, सगळ्यात कडक स्प्रिंगची एअरगन आणि वर एक स्वस्तातली दुर्बीण. साडेचार मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही; मात्र १८ वर्षांच्या आतल्यांना ती विकत नाहीत, ओळखपत्र लागतं. ह्यांनी आपलं आधार कार्ड पुढे केलं, तर लेक म्हणाली, "आईचं द्या." शिलाई मशीननंतर माझ्या नावावर झालेलं हे दुसरंच बिल.

आणि तिथेच आम्ही फसलो.

या बंदुकीचं असं असतं की दर गोळीला नळी मधोमध मोडून खाली ओढायची. त्या ओढीने आतला दट्ट्या स्प्रिंग दाबून अडकतो. स्प्रिंग जेवढी कडक, तेवढा हाताचा जोर जास्त. लेक नळी मांडीवर दाबून कशीबशी मोडायची. दहा छऱ्यांनंतर हात थरथरायचे. मागच्या रिकाम्या प्लॉटवर, मातीने भरलेल्या पोत्यांसमोर कागद लावून रोज तासभर चालायचं. छरे मात्र कागदभर पांगलेले. पंधरा दिवसांनी दुर्बिणीतली फुली जागेवर राहीना. आज इथे, उद्या तिथे. दुरुस्तीचे स्क्रू फिरवून फिरवून मी थकले. एका रात्री पोरगी जेवताना म्हणाली, "आई, बंदूक चांगली आहे. माझा हातच वाईट आहे." चुलीपाशी बसलेल्या सासूबाईसुद्धा गप्प झाल्या.

शालेय स्पर्धेला गेलो, तर तिथल्या सरांनी पहिल्यांदा दुर्बिणीकडेच बोट दाखवलं. "ही चालत नाही." शाळेच्या स्पर्धांत ओपन साइट नाहीतर पीप साइट. ऑलिंपिकच्या १० मीटर एअर रायफलमध्येसुद्धा दुर्बीण नसते, बारीक भोकातून बघायचं असतं. बरं, दुर्बीण काढावी तर आमच्या बंदुकीला पुढची माशी आणि मागची खाचच नव्हती! जोरदार म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बंदुका अशाच येतात, दुर्बिणीच्या भरवशावर. विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

पोरीचा चेहरा बघून सरांनी त्यांच्याकडची एक जुनी, दस्त्याचा रंग उडालेली हलकी एअरगन दिली. नंबर आला नाही. पण छरे पहिल्यांदाच एका जागी, रुपयाएवढ्या गोलात पडले. तिने तो कागद घडी न घालता घरी आणला.

नंतर सरांनी मला नीट समजावलं. चाप ओढल्यावर दट्ट्या पुढे सुटतो तेव्हा बंदूक आधी मागे सरकते आणि दट्ट्या टोकाला पोचला की लगेच पुढे हिसका खाते. छरा तेवढ्या वेळात अजून नळीतच असतो. स्प्रिंग जेवढी दांडगी, तेवढी ही ओढाताण दांडगी. म्हणून ही बंदूक आवळून धरायची नाही, तळहातावर नुसती टेकवायची. मला लगेच पटलं. मशीनखाली कापड ओढलं की टीप वाकडी जाते, सोडलं की सरळ.

ताकदीचा हिशेब तर लेकीने विज्ञानाच्या वहीतच केला. अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला २८० मीटरने गेला तर साडेएकोणीस ज्यूल. २०० मीटरने गेला तर १०. आणि १० मीटरवरच्या स्पर्धेच्या रायफली साधारण साडेसात ज्यूलच्याच असतात! कागदाला भोक पाडायला आणखी लागतंय किती?

मग दुसरी घेतली. या वेळी दुकानात आधी लेकीला नळी वीस वेळा मोडायला लावली. दुकानदार वैतागला, वैतागू दे. खांद्याला लावून दस्ता लांब होतो का, पाच मिनिटं धरून हात खाली येतो का, नळी बंद केल्यावर सांध्याशी हलते का, एवढं पाहिलं. माशी आणि खाच दोन्ही आहेत, मागची खाच वरखाली आणि डावी-उजवीकडे सरकते, हे स्वतः फिरवून बघितलं. दोन-तीन प्रकारच्या छऱ्यांच्या डब्या घेतल्या, कारण एकाच बंदुकीला एक छरा मानवतो, दुसरा नाही.

पहिली बंदूक दुकानदार परत घेईना. शेवटी भावजींनीच अर्ध्या पैशात घेतली. चूक त्यांचीही होतीच. शेतावर पत्र्याच्या डब्यांवर नेम धरतात. पाखरांवर नाही, हे मी आधीच कबूल करून घेतलंय. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, आणि कायदा नसता तरी मी दिली नसती. त्यांच्यासाठी दुर्बीण मात्र या वेळी मीच निवडली. साधी दुर्बीण मागचा धक्का सोसते, पुढचा हिसका नाही; आमची फुली त्यानेच सुटली होती. म्हणून स्प्रिंगच्या एअरगनसाठी बनवलेली मागायची. दुसरं, मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात. दहा मीटरवर चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की नेम हलतो. पुढचं भिंग फिरवून दहा मीटरपर्यंत जुळवता येईल अशी हवी. चौपट मोठं दिसलं तरी पुष्कळ. नऊपट घेतली तर स्वतःच्या हाताची थरथरच नऊपट दिसते. आणि बसवायची पकड एकसंध, मागे अटकाव असलेली, नाहीतर दर गोळीला दुर्बीण केसभर मागे सरकते.

घरातले नियम माझे आहेत. छरा भरताना उघडी नळी एका हाताने घट्ट धरायची. ती अचानक मिटली तर बोट जातं. छऱ्याशिवाय चाप ओढायचा नाही, दट्ट्या आपटून खराब होतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. मागे माती असल्याशिवाय नेम धरायचा नाही. दगडावरून छरा उलटा येतो. वापरून झालं की कपाटात, किल्ली माझ्याकडे. शेजारच्या मुलांनी कितीदा मागितली, दिली नाही.

लेक आता दहावीत आहे. अभ्यासामुळे रोजचे चाळीसच छरे. परवा मी चहा घेऊन प्लॉटवर गेले, तर सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या आणि कागदावरची भोकं मोजत होत्या.